जादूची गोळी कोणासाठी?

मागच्या पावसाळ्यात आमच्या कचेरीत एक गृहस्थ आले. पालिकेत सफाई कामगार. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची चळत आणि सगळ्यात वर इस्पितळाने दिलेला खर्चाचा अंदाज. त्यांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग. एकदा केमोथेरपी होऊन बरी झालेली मुलगी पुन्हा आजारी पडली होती. डॉक्टरांनी आता एका नव्या इंजेक्शनचे नाव लिहून दिले होते आणि कागदावरचा आकडा त्या गृहस्थांच्या कित्येक वर्षांच्या पगाराहून मोठा होता. त्यांनी आम्हाला दोनच गोष्टी विचारल्या. हे औषध एवढे महाग का, आणि कोर्टात काही करता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे हे आमचे कामच आहे. पहिल्या प्रश्नाने मात्र आम्हाला कायद्याच्या पुस्तकांबाहेर नेले. हे इंजेक्शन म्हणजे काय, ते कोणाच्या डोक्यातून आले, हे शोधत आम्ही मागे मागे गेलो आणि 1915 साली मरण पावलेल्या एका माणसापाशी येऊन थांबलो. त्यांचे नाव पॉल एर्लिख. औषधशास्त्राच्या पुस्तकात हे नाव असते. पण त्यांचे आयुष्य कसे गेले हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. ते आज सांगायचे आहे, कारण त्या गृहस्थांच्या दोन्ही प्रश्नांची मुळे त्या आयुष्यात आहेत.

एर्लिख यांचा जन्म 14 मार्च 1854 रोजी प्रशियाच्या सिलेशिया प्रांतातील श्ट्रेलेन या लहान गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. कुटुंब ज्यू. वडील मद्य गाळण्याचा आणि सरायीचा धंदा करीत, शिवाय सरकारी लॉटरीचे पैसे गोळा करीत. घरात पैशाची फार ददात नव्हती. पण ज्यू म्हणून जन्मलेल्या माणसासाठी त्या काळच्या जर्मनीत काही दारे उघडी होती, काही अर्धी लोटलेली होती आणि काही कायमची बंद होती. कागदावर कायदा समान झाला होता. मात्र विद्यापीठातील पूर्ण प्राध्यापकाचे पद बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूला क्वचितच मिळे. कायदा समान आणि व्यवहार विषम म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

शाळेत हा मुलगा परीक्षांना कंटाळलेला होता. जीवन हे स्वप्न आहे, या विषयावर निबंध लिहायला सांगितले तेव्हा त्याने जीवन म्हणजे शरीरात चाललेले ज्वलन आणि स्वप्न म्हणजे मेंदूची चमक असे काहीतरी लिहून गुरुजींचा रोष ओढवून घेतला, अशी गोष्ट सांगतात. पुढे ब्रेस्लाऊ, श्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लाइपझिग येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. मन रमले ते रंगांत. त्या काळी जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग बनवणारे कारखाने भरभराटीला आले होते. एर्लिख यांच्या नात्यातले कार्ल वायगर्ट हे शरीराच्या ऊतींना असे रंग देऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. तो नाद एर्लिख यांना लागला. 1878 मध्ये लाइपझिगला त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध दिला तो याच विषयावरचा होता.

रंगवण्याच्या या कामात त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली आणि आयुष्यभर त्यांनी ती सोडली नाही. एखादा रंग सगळ्या पेशींना सारखा चिकटत नाही. तो काही पेशींना धरतो आणि बाकीच्यांना सोडून देतो. पेशीच्या आतही तो एका भागाला धरतो आणि दुसऱ्याला नाही. मग त्यांनी स्वतःलाच प्रश्न घातला. रंग जर निवड करू शकतो, तर औषध का करू शकणार नाही? रोगजंतूला नेमके धरून मारील आणि रोग्याच्या शरीराला धक्का लावणार नाही असा पदार्थ बनवता येईल का? या कल्पनेला त्यांनी जादूची गोळी असे नाव दिले. बंदुकीतून सुटलेली गोळी जशी आपले लक्ष्य स्वतः शोधील, तसे औषध. आपल्या मराठीत औषधाच्या गोळीलाही गोळीच म्हणतात, हा योगायोग आम्हाला आवडला.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात प्राध्यापक फ्रेरिक्स यांच्या हाताखाली त्यांनी रक्तपेशींना रंग देऊन त्यांचे प्रकार वेगळे केले. आज कोणत्याही प्रयोगशाळेतून रक्ताचा जो रिपोर्ट येतो, त्यात न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल असे आकडे असतात. ही विभागणी एर्लिख यांच्या कामातून आली. त्या गृहस्थांच्या पिशवीतल्या प्रत्येक कागदावर हे शब्द होते. 1882 च्या मार्चमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले, तेव्हा एर्लिख सभागृहात होते. ते घरी गेले आणि लगेच तो जंतू रंगवण्याची अधिक चांगली पद्धत शोधण्याच्या कामाला लागले. थुंकी तपासून क्षय ओळखण्याची जी पद्धत पुढे जगभर चालली, तिचा पाया त्यांनी घातला.

मग तोच क्षय त्यांच्या घरात शिरला. फ्रेरिक्स 1885 मध्ये वारले, नव्या वरिष्ठांच्या हाताखाली मनासारखे काम करता येईना आणि 1888 मध्ये एर्लिख यांनी स्वतःच्याच थुंकीत क्षयाचे जंतू पाहिले. पत्नी हेडविग यांच्यासह ते कोरड्या हवेसाठी इजिप्तला गेले. परत आले तेव्हा प्रकृती सुधारली होती, पण नोकरी नव्हती. त्यांनी बर्लिनमध्ये स्वतःच्या खर्चाने छोटी प्रयोगशाळा थाटली आणि तिथे उंदरांना एरंडाच्या बियांतील व गुंजेतील विष अत्यल्प मात्रेत देऊन पाहिले. हळूहळू मात्रा वाढवली की उंदीर ते विष पचवू लागत. त्यांच्या रक्तात विषाला निकामी करणारे काहीतरी तयार होत असे. आईच्या दुधातून ते पिलांनाही मिळे. 1891 मध्ये एर्लिख यांच्या लेखनात या पदार्थासाठी एक शब्द आला, ज्याचे इंग्रजी रूप आज सगळ्यांच्या तोंडी आहे. अँटिबॉडी. मराठीत आपण प्रतिपिंड म्हणतो.

त्याच काळात एमिल बेहरिंग आणि जपानचे किटासाटो यांनी घटसर्पाच्या विषावर उतारा देणारे रक्तद्रव शोधून काढले होते. घटसर्पाने तेव्हा लहान मुले हजारोंनी मरत. पण बेहरिंग यांच्या द्रवाची ताकद कधी जास्त, कधी कमी. एका बाटलीने मूल वाचे, दुसरीने वाचत नसे. ती ताकद मोजायची कशी आणि प्रत्येक बाटलीत सारखी आणायची कशी, हे एर्लिख यांनी सोडवले. 1894 मध्ये हे औषध हेक्स्ट कंपनीकडून बाजारात आले. 1901 चे वैद्यकातील पहिले नोबेल पारितोषिक बेहरिंग यांना मिळाले आणि संपत्तीही मिळाली. एर्लिख यांच्या वाट्याला नफ्यातला मोठा हिस्सा आला नाही आणि दोघांचे संबंध कायमचे बिघडले. आम्ही बेहरिंग यांना खलनायक ठरवत नाही. त्यांचा शोध मोठाच होता. पण ज्याने औषध भरवशाचे केले, त्याचे नाव मागे राहते, हेही इतिहासात नोंदले गेले पाहिजे.

आणि आम्हाला एर्लिख यांचे हे मोजमापाचे कामच सर्वात मोठे वाटते. प्रत्येक बाटलीत सारखी ताकद असणे म्हणजे बँकरच्या मुलाला आणि हमालाच्या मुलाला एकाच दर्जाचे औषध मिळणे. 1896 मध्ये बर्लिनजवळ श्टेग्लित्स येथे रक्तद्रव तपासणारी सरकारी संस्था त्यांच्या हाती आली. ती 1899 मध्ये फ्रँकफुर्टला गेली आणि एर्लिख अखेरपर्यंत तिथेच राहिले.

प्रतिपिंडे तयार कशी होतात, याचे उत्तर त्यांनी 1897 मध्ये मांडले. पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या आकारांच्या साखळ्या असतात. विषाचा कण कुलपात किल्ली बसावी तसा एखाद्या साखळीत अडकतो. मग पेशी तशाच साखळ्या गरजेपेक्षा जास्त बनवते आणि जादा साखळ्या सुटून रक्तात उतरतात. तीच प्रतिपिंडे. 1900 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी चित्रे काढून हे सांगितले. आज आपल्याला माहीत आहे की हे काम सगळ्या पेशी करत नाहीत, बी पेशी नावाच्या विशिष्ट पांढऱ्या पेशी करतात. पण साखळी पेशीवर आधीपासून असते आणि तीच पुढे रक्तात उतरते, हा गाभा खरा ठरला. त्यांनी आणखी एक कल्पना मांडली होती. रक्तातील काही प्रतिपिंडांना दोन टोके असतात. एका टोकाने ते परक्या पेशीला धरते, दुसऱ्या टोकाने रक्तातल्याच एका मारक द्रव्याला ओढून आणते. या दुहेरी पकडीला त्यांनी अँबोसेप्टर असे नाव दिले. वाचकांनी हे दोन हातांचे चित्र लक्षात ठेवावे. आपण त्याकडे परत येणार आहोत.

1908 मध्ये एर्लिख यांना नोबेल मिळाले, रशियाचे इल्या मेचनिकोव्ह यांच्यासोबत. या मेचनिकोव्हांचेच ओडेसातले एक विद्यार्थी धर्म बदलायला नकार दिल्यामुळे प्राध्यापक होऊ शकले नाहीत, देश सोडून पॅरिसला गेले आणि पुढे मुंबईत आले. 1897 च्या जानेवारीत भायखळ्याला त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. एर्लिख यांचेही तसेच. बाप्तिस्मा घेतला असता तर खुर्ची मिळणे सोपे झाले असते. अनेकांनी घेतला. त्यांनी घेतला नाही. जगाने नोबेल दिल्यानंतरही त्यांना नियमित प्राध्यापकपद मिळायला 1914 साल उजाडावे लागले आणि तेही फ्रँकफुर्टच्या नव्या विद्यापीठात, जे उभारण्यासाठी शहरातल्या ज्यू नागरिकांनी मोठ्या देणग्या दिल्या होत्या. त्यांची दुसरी प्रयोगशाळाही अशीच उभी राहिली. गेऑर्ग श्पायर या ज्यू बँकरच्या विधवेने, फ्रांझिस्का श्पायर यांनी, पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशातून 1906 मध्ये गेऑर्ग श्पायर हाउस सुरू झाले. ज्यांना व्यवस्था दार उघडत नाही, त्यांना आपली संस्था आपणच बांधावी लागते.

त्या नव्या इमारतीत जादूच्या गोळीचा खरा शोध सुरू झाला. रोग होता उपदंश, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणत. त्याचा जंतू 1905 मध्ये सापडला होता. एर्लिख आणि रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्टहाइम यांनी आर्सेनिकच्या एका संयुगाची नेमकी रचना शोधली आणि ती थोडी थोडी बदलत शेकडो नवी संयुगे बनवली. 606 क्रमांकाचे संयुग आधी एका सहकाऱ्याने निरुपयोगी म्हणून बाजूला टाकले होते. 1909 मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ते सशांवर पुन्हा तपासले आणि उपदंशाचे जंतू नाहीसे झाले. 1910 मध्ये साल्वारसान नावाने ते बाजारात आले. त्याआधी सुमारे 65,000 मात्रा डॉक्टरांना फुकट वाटून त्यांचे परिणाम नोंदवले गेले. प्रयोगशाळेत ठरवून घडवलेले हे पहिले मोठे औषध. केमोथेरपी हा शब्दही एर्लिख यांचाच.

आम्ही वकील आहोत, म्हणून दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. साल्वारसान टोचणे अवघड होते, त्यात आर्सेनिक होते, काही रुग्ण दगावले. फ्रँकफुर्टच्या इस्पितळात वेश्यांना जबरदस्तीने हे औषध दिले जाते असा आरोप एका पत्रकाराने छापला. 1914 मध्ये खटला झाला, एर्लिख यांनी साक्ष दिली आणि त्या पत्रकाराला तुरुंगवास झाला. एर्लिख यांच्यावर ज्यू म्हणून चिखलफेकही भरपूर झाली. पण प्रश्न खोटा नव्हता. एर्लिख यांचेच समकालीन आल्बर्ट नायसर यांनी 1892 मध्ये ब्रेस्लाऊत वेश्यांवर त्यांच्या संमतीविना उपदंशाच्या रक्तद्रवाचे प्रयोग केले होते आणि त्या गदारोळानंतर 1900 मध्ये प्रशिया सरकारला रुग्णाच्या संमतीचा आदेश काढावा लागला होता. नवे औषध आधी कोणाच्या शरीरावर तपासले जाते आणि सिद्ध झाल्यावर कोणाला मिळते, हे दोन्ही प्रश्न तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, तेव्हा जर्मन सैन्याच्या समर्थनार्थ 93 विद्वानांनी काढलेल्या जाहीरनाम्यावर एर्लिख यांनीही सही केली. आम्ही माणसांची देवळे बांधत नाही. म्हणून हेही लिहिले पाहिजे.

कर्करोगावरही त्यांनी काम केले होते. उंदरांमध्ये गाठी रुजवून त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि 1909 मध्ये एक धाडसी विचार मांडला. शरीरात कर्कपेशी वारंवार निर्माण होत असाव्यात आणि शरीराची संरक्षणव्यवस्थाच त्यांना दाबून टाकत असावी. म्हणजे कर्करोगाशी लढणारे सैन्य आपल्या आतच आहे. ते सिद्ध करण्याची साधने तेव्हा नव्हती. 20 ऑगस्ट 1915 रोजी बाड होम्बुर्ग येथे ते वारले आणि फ्रँकफुर्टच्या ज्यू दफनभूमीत त्यांना पुरले.

मृत्यूनंतरही जन्म त्यांचा पाठलाग करीत राहिला. 1938 मध्ये नाझींनी फ्रँकफुर्टच्या रस्त्यावरून त्यांचे नाव पुसले. ज्यांच्या औषधाने लाखो जर्मन वाचले, त्यांच्या म्हाताऱ्या विधवेला देश सोडून आधी स्वित्झर्लंडला आणि मग अमेरिकेला जावे लागले. 1948 मध्ये हेडविग तिकडेच वारल्या. युद्धानंतर जर्मनीला शहाणपण आले. रस्त्याला नाव परत मिळाले, 200 मार्कांच्या नोटेवर चेहरा आला आणि एर्लिख यांच्या संस्थेला पॉल एर्लिख संस्था हे नाव दिले गेले. जर्मनीत लसी आणि प्रतिपिंड औषधे यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था आज तीच आहे.

आता त्या मुलीच्या इंजेक्शनकडे येऊ. 1975 मध्ये केंब्रिजला सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज क्योलर यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत शोधली. मिलस्टाइन हे अर्जेंटिनातल्या ज्यू स्थलांतरिताचे पुत्र, 1962 च्या लष्करी उठावानंतर संस्थेतल्या सहकाऱ्यांना काढून टाकल्यामुळे देश सोडून आलेले. या मूळ शोधाचे पेटंट कोणी घेतले नाही. सगळ्या जगाने तो वापरला. एर्लिख यांची नेम धरणारी गोळी प्रथमच घाऊक प्रमाणात हाती आली.

निसर्गातले प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखे असते. दोन जड साखळ्या, दोन हलक्या साखळ्या आणि वर दोन हात. दोन्ही हात सारखेच, एकाच गोष्टीला धरणारे. शास्त्रज्ञांनी विचार केला की हे दोन हात वेगवेगळे केले तर? एका हाताने कर्कपेशी धरायची आणि दुसऱ्या हाताने शरीरातली मारक टी पेशी ओढून तिच्यासमोर आणून उभी करायची. म्हणजे एर्लिख यांचे दोन टोकांचे चित्रच. यालाच द्विलक्ष्यी प्रतिपिंड म्हणता येईल. तीन हात जोडले तर त्रिलक्ष्यी, आणि तशा औषधांच्याही चाचण्या सुरू झाल्या आहेत.

कल्पना सोपी, घडवणे कठीण. दोन प्रकारच्या जड आणि दोन प्रकारच्या हलक्या साखळ्या एकाच पेशीत बनवल्या की त्या वाटेल तशा जुळतात. दहा वेगवेगळी प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यातले एकच कामाचे असते. 1996 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सुतारकामासारखी युक्ती वापरली. एका जड साखळीत उंचवटा ठेवायचा आणि दुसरीत त्याच मापाची खाच, म्हणजे वेगळ्या जोड्या आपोआप जुळतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रतिपिंडाचे फक्त दोन पकडणारे तुकडे एका लवचीक दुव्याने जोडायचे. ब्लिनाटुमोमॅब हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध असे बनले आणि 2014 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते इतके लहान असते की शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून पंपाने सलग चार आठवडे देत राहावे लागते. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगावर 2021 मध्ये अमिवान्टामॅब आणि अस्थिमज्जेच्या मायलोमावर 2022 मध्ये टेक्लिस्टामॅब आले. धोकेही आहेत. टी पेशी एकदम खवळल्या तर ताप, रक्तदाब कोसळणे, श्वास लागणे असे वादळ उठते, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात आणि रुग्णाला नजरेखाली ठेवतात. जादूची गोळी म्हटले तरी जादू नाही. सगळे मोजमाप आहे.

मग महाग का? एक कारण खरे आहे. हे औषध भट्टीत शिजत नाही. जिवंत पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून, त्यातून ते गाळून शुद्ध करावे लागते. पण किंमत केवळ खर्चावरून ठरत नाही. ती मक्तेदारीवरून ठरते आणि मक्तेदारी पेटंटावरून.

इथे एर्लिख यांचे औषध पुन्हा साक्षीला येते. साल्वारसानची मक्तेदारी जर्मन कंपनीकडे होती. 1914 मध्ये युद्ध सुरू झाले आणि पुरवठा थांबला, तेव्हा ब्रिटनने जर्मन पेटंट बाजूला सारून आपल्या कंपन्यांना हे औषध बनवण्याचे परवाने दिले. 1917 मध्ये अमेरिकेने तेच केले. स्वतःच्या माणसांचा जीव पणाला लागला तेव्हा या देशांना पेटंट पवित्र वाटले नाही. आणि हेच देश पुढे आपल्याला पेटंटाचे धडे देऊ लागले!

आपल्या देशाने 1970 च्या कायद्यात औषध या वस्तूवर पेटंट नाकारले आणि स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. 2005 पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे वस्तूचे पेटंट पुन्हा आले. तरी संसदेने दोन हत्यारे शिल्लक ठेवली. कलम 3(ड) मुळे जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळत नाही. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर नोव्हार्टिसचे ग्लिव्हेकसाठीचे अपील फेटाळले. तेही रक्ताच्या कर्करोगाचेच औषध. दुसरे हत्यार कलम 84, सक्तीचा परवाना. 2012 मध्ये बायरच्या कर्करोगावरील औषधासाठी तो नॅटकोला मिळाला आणि महिन्याचा सुमारे 2 लाख 80 हजारांचा खर्च 8,800 रुपयांच्या आसपास आला. त्यानंतर 2013 आणि 2016 मध्ये दुसऱ्या कंपन्यांनी अन्य औषधांसाठी केलेले असे अर्ज फेटाळले गेले. हत्यार म्यानात गंजते आहे. शिवाय प्रतिपिंडाची नक्कल साध्या गोळीइतकी सोपी नसते. पेटंट संपले तरी तसेच औषध बनवून ते सारखेच आहे हे सिद्ध करायला मोठा खर्च लागतो. म्हणून केवळ परवाना पुरणार नाही. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले उत्पादनच लागेल. ते अशक्य नाही. मुंबईच्या आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियलमधल्या संशोधनातून घडलेल्या टी पेशींच्या देशी उपचाराला 2023 मध्ये आपल्या देशात मान्यता मिळाली, परदेशी उपचाराच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत. पण तोही सफाई कामगाराच्या आवाक्याबाहेरच आहे.

त्या गृहस्थांना आम्ही खोटी आशा दाखवली नाही. एका मुलीसाठी कोर्टात लढून पेटंट मोडत नाही आणि आजार तारखांची वाट पाहत नाही. आम्ही मदतनिधींकडे अर्ज केले. वस्तीतल्या विहारात बसून लोकांनी यादी केली, वर्गणी काढली. काही अर्ज मंजूर झाले, काही फायलीत अडकले. आम्ही हे लिहीत असताना मुलीवर जुन्याच औषधांनी उपचार चालू आहेत.

वाचकहो, गोळीला नेम धरायला शास्त्रज्ञांनी शिकवले. त्यासाठी शंभरहून अधिक वर्षे गेली. पण ती गोळी कोणाच्या दारापर्यंत पोचणार, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते संसदेत, पेटंट कार्यालयात आणि सरकारी इस्पितळांच्या अंदाजपत्रकात ठरते. आपली जी मुले बायोटेक्नॉलॉजी आणि औषधनिर्माण शिकत आहेत, त्यांनी एर्लिख वाचावेत. जी कायदा शिकत आहेत, त्यांनी कलम 84 आणि 3(ड) वाचावे. आणि मोर्चाच्या मागण्यांत शिष्यवृत्ती व जमिनीच्या शेजारी कर्करोगाच्या औषधाची मागणीही लिहावी. सर्व बाटल्यांत सारखी ताकद असावी यासाठी एर्लिख झटले. ती बाटली सर्वांना मिळावी यासाठी झटणे आपल्याकडे आले आहे.